सवलतीचा हिशेब : चंदीगड ते न्हावा शेवा

चंदीगडला समुद्र नाही. जवळचं बंदर गाठायचं तरी हजार किलोमीटरहून अधिक अंतर, आणि महाराष्ट्रातलं न्हावा शेवा तर दीड हजारांच्याही पलीकडे. शिवालिकच्या पायथ्याशी वसलेल्या, दोन राज्यांची राजधानी असलेल्या या नेटक्या शहराचा आणि बंदरावरच्या सीमाशुल्क तपासणीचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. पण शहराच्या पूर्वेला, किशनगढजवळच्या राजीव गांधी चंदीगड टेक्नॉलॉजी पार्कमध्ये विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे सेझ, म्हणून अधिसूचित झालेली जमीन आहे. सप्टेंबर २००५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी या पार्कचं उद्घाटन केलं. या क्षेत्राच्या फाटकातून आत पाऊल टाकलं, की सीमाशुल्काच्या लेखी आपण देशाबाहेर असतो.

हे २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याच्या कलम ५३ मुळे घडतं. मंजूर केलेल्या कामांपुरतं असं क्षेत्र भारताच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरचं मानावं, असं हे कलम सांगतं. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागानुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून अशा क्षेत्राला बंदर, विमानतळ किंवा अंतर्देशीय कंटेनर डेपोचा दर्जा देऊ शकतं. म्हणजे लाटा नाहीत, क्रेन नाहीत, आणि तरीही कायद्यापुरतं ते बंदरच. १० फेब्रुवारी २००६ पासून हा कायदा नियमांसह लागू झाला आणि देशाच्या पोटात अशा सीमा उमटू लागल्या.

सीमा म्हटली की पहारा आला. सीमाशुल्काच्या या आतल्या पहाऱ्याकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही. सेझविषयी महाराष्ट्रात बोलणं झालं ते जमिनीविषयी, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण जमीन गेल्यानंतर त्या फाटकातून काय आत येतं, काय बाहेर जातं आणि त्याची नोंद कोण ठेवतं, हा प्रश्नही तितकाच आपला आहे. सवलत म्हणजे सरकारने आपल्या सगळ्यांच्या वतीने न घेतलेला कर. त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार लुधियान्यातल्या कारखानदारालाही आहे आणि उरणच्या शेतकऱ्यालाही.

लॅपटॉपची आयात

चंदीगडच्या सेझमध्ये माल म्हणजे संगणक, सर्व्हर, नेटवर्कची उपकरणं. निर्यात होते ती सॉफ्टवेअरची. तिला ना पेटी ना वजन. तिची नोंद सॉफ्टेक्स नावाच्या फॉर्मवर होते. पण ते सॉफ्टवेअर ज्या यंत्रावर तयार होतं ते यंत्र शुल्क न भरता आत आलेलं असतं. म्हणून एखाद्या कर्मचाऱ्याने लॅपटॉप पिशवीत टाकून घरी न्यायचा म्हटला, तरी कायद्याच्या नजरेत माल सीमा ओलांडतो. २००६ च्या नियमांत अशा तात्पुरत्या बाहेर नेण्याची सोय आहे. मात्र नोंद हवी आणि वस्तू परत यायला हवी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, रातोरात हजारो संगणक घरी न्यावे लागले, आणि देशभरच्या आयटी सेझमध्ये हा एरवी कुणाच्या ध्यानात नसणारा नियम एकदम महत्त्वाचा ठरला. जुलै २०२२ मध्ये नियम ४३-अ आणून घरून काम करण्याला रीतसर चौकट द्यावी लागली.

इथलं प्रशासन दुहेरी आहे. क्षेत्राचा प्रमुख म्हणजे विकास आयुक्त. चंदीगड, पंजाब, हरियाणासाठी हे कार्यालय नोएडात असून ते वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. प्रत्यक्ष माल पाहणारे, कागदावर सही करणारे अधिकारी मात्र सीमाशुल्क खात्यातून आलेले असतात. एकाचं काम उद्योग वाढवणं, दुसऱ्याचं काम महसूल राखणं. उद्योग सुरू करताना कंपनी एक बंधपत्र लिहून देते. शुल्कमुक्त आणलेला माल मंजूर कामासाठीच वापरू आणि पाच वर्षांत देशाला निव्वळ परकीय चलन मिळवून देऊ, असा त्याचा आशय असतो. अट मोडली तर माफ झालेलं शुल्क व्याजासह भरावं लागतं. आतला माल देशात विकायचा झाला, तर तो परदेशातून आल्याप्रमाणे शुल्क आकारलं जातं; आणि देशातून आत गेलेला माल निर्यात धरला जातो. लुधियान्याचा नट-बोल्ट आपल्याच देशातल्या सेझच्या फाटकातून आत गेला, की कागदोपत्री तो निर्यात होतो.

दप्परहून निघालेला डबा

चंदीगडच्या आसपासच्या जड मालाची वाट वेगळी आहे. लुधियान्याची होजिअरी, सायकलचे सुटे भाग, हत्यारं, बद्दीची औषधं, पंजाब-हरियाणाचा बासमती हे सगळं समुद्राकडे जातं ते कंटेनरमधून. त्यासाठी या पट्ट्यात कोरडी बंदरं उभी राहिली. मार्च १९८८ मध्ये कॉनकॉर ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये रेल्वेकडून सात डेपो घेऊन तिने काम सुरू केलं. पुढे तिचं जाळं चंदीगड-अंबाला मार्गावरच्या दप्परला, हिमाचलातल्या बद्दीला, लुधियान्याच्या ढंडारी कलांला पोचलं. न्हावा शेवा बंदरही त्याच वर्षी, २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. उत्तरेतल्या शेतमालाला आणि कारखान्यांना जगाचं दार उघडलं ते या दोन घटनांनी.

निर्यातदाराचा कस्टम ब्रोकर शिपिंग बिल संगणकावर भरतो. जुनी मंडळी त्याला अजून सीएचए म्हणतात. माल डेपोत येतो, गरज असेल तर अधिकारी तो उघडून पाहतो, मग निर्यातीचा आदेश निघतो. बोलण्यात त्याला एलईओ म्हणतात. डब्याला सील लागतं, मालगाडीचा रेक लागला की तो बंदराकडे निघतो. बंदरावर सर्वसाधारणपणे तो पुन्हा उघडत नाहीत. सील शाबूत आहे ना, एवढंच पाहतात. आयातीत हेच उलट्या क्रमाने घडतं. जहाजातून उतरलेला डबा शुल्क न भरता, बंधपत्राच्या जोरावर, सीलबंद अवस्थेत पंजाबपर्यंत येतो आणि इथे त्याचं बिल ऑफ एंट्री भरलं जातं. ‘ओओसी झालं का?’ हा या धंद्यातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आउट ऑफ चार्ज, म्हणजे कस्टम्सने माल सोडला.

या व्यवस्थेचा सगळा भार ज्या सीलवर असतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. जाड खिळ्यासारखा पोलादी दांडा, वर प्लॅस्टिकचं आवरण, त्यावर छापलेला क्रमांक. दाराच्या कडीतून तो घालायचा आणि खालच्या टोपीत दाबायचा. टक् असा आवाज आला की बसला. मग तो काढायला बोल्ट कटरच लागतो. कामगार त्याला बॉटल सील म्हणतात. दांड्यावरचा आणि टोपीवरचा क्रमांक एकच असायला हवा, आणि तोच कागदावर. दारावर डब्याचा स्वतःचा क्रमांक असतो : चार अक्षरं, सहा अंक आणि शेवटी चौकटीतला एक अंक. हा शेवटचा अंक आधीच्या अक्षर-अंकांवरून गणिताने काढलेला असतो. लिहिताना एखादा अंक चुकला की संगणक बहुधा तिथेच अडवतो.

पण जाणता तपासनीस सीलवर थांबत नाही. तो बिजागऱ्या पाहतो, कडीच्या रिव्हेटांवर बोट फिरवतो. जुन्या, गंजलेल्या दारावर एकाच रिव्हेटचा रंग ताजा दिसला तर तो डबा बाजूला घेतो. सीलला हात न लावता अख्खं दार बिजागरीतून उतरवता येतं, हे चोरांना ठाऊक असतं आणि त्यालाही. ही नजर अनुभवाने येते. ती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये भरता येत नाही.

बंदर आणि क्षेत्र यांमधला रस्ता

आता महाराष्ट्राकडे येऊ. न्हावा शेव्याच्या शेजारी २७७ हेक्टरवर बंदराचं स्वतःचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे. १६ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. गुजरातेत मुंद्र्याला तर बंदर आणि सेझ यांचा संसार एकत्रच उभा राहिला. तिथल्या कंपनीच्या नावातच दोन्ही आहेत.

जहाजातून उतरलेला डबा सेझमध्ये जायचा असेल, तर त्याचं बिल सेझमधला अधिकारी तपासतो आणि तेच कागद बंदरातून माल हलवण्याची परवानगी ठरतात. सेझच्या फाटकावर डब्याचा, सीलचा आणि गाडीचा क्रमांक जुळवतात. माल पोचल्याची पावती ४५ दिवसांत बंदरावरच्या अधिकाऱ्याकडे परत जायला हवी. नाही गेली तर शुल्काची मागणी निघते.

धोका असतो तो या मधल्या रस्त्यावर. बंदरात कॅमेरे आहेत, स्कॅनर आहेत, केंद्रीय सुरक्षा दल आहे. सेझला भिंत आहे, अधिकृत फाटक आहे. पण त्या दोहोंमध्ये ट्रेलर सार्वजनिक रस्त्यावर असतो. शुल्कमुक्त माल तिथूनच देशी बाजारात वळवला, तर सरकारचं शुल्क बुडतंच, शिवाय प्रामाणिकपणे शुल्क भरणारा व्यापारीही मारला जातो. अंतर जेमतेम पाच-दहा किलोमीटरचं असलं तरी पावती परत येईपर्यंत दिवसांमागून दिवस जाऊ शकतात. ही फट तंत्रज्ञानाने बुजवता येते. कोलकाता आणि विशाखापट्टणमहून नेपाळला जाणाऱ्या कंटेनरांवर उपग्रहाशी जोडलेलं इलेक्ट्रॉनिक कुलूप लावतात. वाटेत कुणी छेडलं तर लगेच कळतं. निर्यातदार स्वतः सील करत असलेल्या कंटेनरांसाठी २०१७ पासून रेडिओ लहरींवर वाचता येणारं ई-सील आलं. बंदर ते सेझ या प्रत्येक फेरीला असं कुलूप सक्तीचं करायला काय हरकत आहे?

पंजाबच्या नावाने आलेले डबे

पहाऱ्यातली चूक किती महाग पडते, हे न्हावा शेवा आणि पंजाब यांना जोडणाऱ्या दोन घटनांतून दिसतं. दोन्ही सेझमधल्या नाहीत, पण धडा एकच आहे. जुलै २०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेव्यात २९० किलोंहून अधिक हेरॉइन पकडलं. इराणमार्गे आलेल्या त्या मालाची घोषणा टाल्क म्हणून केलेली होती आणि तो पंजाबातल्या तरनतारन जिल्ह्याकडे निघाला होता. बरोबर वर्षाने, जुलै २०२२ मध्ये, पंजाब पोलिसांनी दिलेल्या माहितीवरून न्हावा शेव्यातल्याच एका कंटेनरमधून ७२ किलोंहून अधिक हेरॉइन निघालं. ते मालात नव्हतंच. डब्याच्या दाराच्या चौकटीत दडवलेलं होतं. आत भरलेल्या लाद्या कितीही तपासल्या असत्या तरी ते हाती लागलं नसतं. पंजाब पोलिसांचं मुख्यालय चंदीगडच्या सेक्टर ९ मध्ये आहे. तिथून निघालेली एक खबर दीड हजार किलोमीटरवरच्या लोखंडी चौकटीपर्यंत पोचली, म्हणून गावोगावच्या पोरांच्या हाती जाणारं विष अडलं.

या दोन घटनांच्या मधे, सप्टेंबर २०२१ मध्ये, मुंद्र्यात २,९८८ किलो हेरॉइन सापडलं. तेव्हा देशभर प्रश्न विचारला गेला : बंदर चालवणाऱ्याला कळलं कसं नाही? कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. बंदर चालवणारा हा मालाचा ताबेदार. माल सांभाळणं, परवानगीशिवाय न सोडणं ही सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे त्याची जबाबदारी. डबा उघडून पाहण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याचा. ही विभागणी योग्यच आहे. खासगी कंपनीकडे झडतीचा अधिकार देणं धोक्याचं ठरेल. पण मग त्या अधिकाऱ्यांची संख्या, त्यांचे स्कॅनर आणि त्यांचं प्रशिक्षण बंदराच्या वाढीबरोबर वाढायला हवं. न्हावा शेव्याने २०२३-२४ मध्ये ६४ लाख टीईयूंहून, म्हणजे वीस फुटी डब्याच्या मापाने ६४ लाख डब्यांहून, अधिक माल हाताळला. इतक्या डब्यांपैकी कुठला उघडायचा हे ठरवणं, हेच आज कस्टम्सचं मुख्य काम आहे.

सेझच्या बाबतीत कायद्यातही एक उणीव बराच काळ राहिली. क्षेत्राच्या आत झडती घ्यायची तर गुन्हे आणि तपास यंत्रणा अधिसूचित असायला हव्यात. नसतील तर विकास आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. सीमाशुल्क कायद्याखालचे गुन्हे अधिसूचित झाले ते ऑगस्ट २०१६ मध्ये. तेव्हापासून विकास आयुक्तांना आधी कळवलं की तपास करता येतो. कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षं यात गेली.

आणि माणूसच विकला गेला तर? रायगडच्या किनाऱ्याला याचं उत्तर माहीत आहे. १९९३ च्या फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्चच्या मुंबईतल्या स्फोटांत २५७ जीव गेले. पुढे दोषी ठरलेल्यांत कस्टम्सचे अधिकारीही होते. तेव्हा ना सेझ होतं ना स्कॅनर. व्यवस्था बदलली, पण फाटकावरच्या माणसाच्या सचोटीला आजही पर्याय नाही.

वेग हवा, आणि तोही सगळ्यांना

कडक पहारा हवा म्हटलं की निर्यातदाराच्या कपाळावर आठी पडते, आणि ती समजण्याजोगी आहे. डबा एक दिवस जास्त पडला तर डिमरेज, म्हणजे उशिराचा आकार, चढतं. जहाज चुकलं तर परदेशातला ग्राहक दुसरीकडे वळतो. लुधियान्याच्या लहान कारखानदाराला हा फटका मोठ्या कंपनीपेक्षा जोरात बसतो. म्हणूनच गेल्या दोन दशकांतल्या सुधारणा मोलाच्या आहेत. २००५ पासून जोखीम पाहून तपासणी ठरवणारी संगणक प्रणाली आली. २०१६ मध्ये वेगवेगळ्या खात्यांच्या परवानग्या एका खिडकीवर आल्या. ३१ ऑक्टोबर २०२० पासून देशभर चेहराविरहित शुल्कनिर्धारण सुरू झालं. न्हावा शेव्यात उतरलेल्या मालाचे कागद कुठल्या दूरच्या शहरातला अधिकारी पाहील, हे आता आयातदाराला ठाऊक नसतं. ओळखीपाळखीला त्यामुळे चाप बसला.

वेग आणि पहारा यांत वैर नाही. ज्याचा इतिहास स्वच्छ त्याचा माल झटकन सुटावा, म्हणजे वाचलेला वेळ संशयास्पद डब्यावर घालवता येतो. वैर आहे ते ढिलाईशी. कुणीच न सोडवलेला माल बंदरात पडून राहणं हाही ढिलाईचाच प्रकार. तीस दिवसांत न सोडवलेल्या मालाची रीतसर नोटीस देऊन विक्री करता येते, असं कलम ४८ सांगतं. तरीही माल वर्षानुवर्षं पडून राहतो. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात जप्त करून ठेवलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटने अर्धं शहर उद्ध्वस्त केलं. तेव्हा आपल्याकडे शोध घेतला, तर चेन्नईजवळ २०१५ पासून जप्त करून ठेवलेलं सुमारे ७०० टन तेच रसायन निघालं. ते घाईने हलवलं गेलं. घाई पाच वर्षं आधी व्हायला हवी होती.

ज्यांनी जमीन दिली

मुक्त क्षेत्रांची कल्पना आपल्याला नवी नाही. आयर्लंडमध्ये शॅननला १९५९ मध्ये असं क्षेत्र निघालं आणि १९६५ मध्ये कांडल्याला आशियातलं पहिलं निर्यात प्रक्रिया क्षेत्र उभं राहिलं. १९७३ मध्ये मुंबईत अंधेरीला सीप्झ आलं. पण जमिनीचा लोभ वाढला तो २००५ नंतर. महालेखापरीक्षकांच्या २०१४ च्या अहवालात दिसतं, की अधिसूचित केलेल्या ४५,६३५ हेक्टरपैकी २८,४८८ हेक्टरवरच काम सुरू झालं होतं. बाकीची जमीन शेतकऱ्याच्या हातून गेली आणि उद्योगालाही लागली नाही.

रायगडने या बाबतीत देशाला शहाणपण शिकवलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जणांनी प्राण गमावले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तरी बंदरग्रस्तांना त्या भूखंडांची पत्रं मिळायला २०१४ चा ऑगस्ट उजाडला. बंदर सुरू होऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. पेण-पनवेल-उरण पट्ट्यातल्या महामुंबई सेझविरुद्धच्या लढ्यात एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते उभे राहिले. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जनमत घेतलं गेलं आणि तो प्रकल्प अखेर झाला नाही.

ज्या गावांनी जमीन दिली त्यांना सेझच्या फाटकाआडचा हिशेब कधी दाखवला गेला आहे का? प्रत्येक उद्योग दरवर्षी विकास आयुक्तांना अहवाल देतो : किती शुल्कमुक्त आणलं, किती निर्यात केली, किती देशात विकलं, किती लोकांना काम दिलं. त्याचा क्षेत्रवार गोषवारा मराठीत, ग्रामपंचायतीत लागायला हवा. व्यापारी गुपित फोडण्याची गरज नाही, बेरीज पुरे.

पुढच्या धोरणाचं काय, हे अजून अधांतरी आहे. पुण्याचे उद्योगपती बाबा कल्याणी यांच्या समितीने नोव्हेंबर २०१८ मध्ये अहवाल दिला आणि निर्यातीपेक्षा रोजगाराला केंद्रस्थानी ठेवावं असं सुचवलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांनी निर्यातीशी बांधलेल्या आपल्या सवलतींविरुद्ध निर्णय दिला. भारताने अपील केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पात नव्या कायद्याची घोषणा झाली. जागतिक सीमाशुल्क संघटनेनेही डिसेंबर २०२० मध्ये मुक्त क्षेत्रांसाठी मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा हाच, की क्षेत्र शुल्कापुरतं बाहेरचं असलं तरी कस्टम्सच्या नजरेबाहेर असता कामा नये.

नवा कायदा जेव्हा येईल तेव्हा त्यात चार गोष्टी ठामपणे लिहिलेल्या असाव्यात. बंदर ते क्षेत्र या प्रत्येक फेरीला इलेक्ट्रॉनिक कुलूप. मालाच्या वाढीशी बांधलेली तपासनिसांची संख्या आणि त्यांचं प्रशिक्षण. पडून राहिलेल्या धोकादायक मालासाठी मुदत आणि ती चुकवणाऱ्या अधिकाऱ्याचं उत्तरदायित्व. आणि सवलतीचा वार्षिक हिशेब लोकांच्या भाषेत. चंदीगडच्या पार्कमधला लॅपटॉप असो की न्हावा शेव्यातला चाळीस फुटी डबा, दोघांनाही मिळालेली सूट ही आपण सगळ्यांनी दिलेली आहे. ती रोजगाराच्या आणि परकीय चलनाच्या रूपाने परत येते आहे की नाही, हे पाहणारी यंत्रणा मजबूत असेल तर व्यापाराचं नुकसान होणार नाही. उलट, नियम पाळून व्यापार करणाऱ्याला या देशात पहिल्यांदा खरी बरोबरीची संधी मिळेल.